प्रशांताचं वादळ आणि जैनाबादची विहीर

२० ऑगस्ट २०२३. अमेरिकेतल्या डेथ व्हॅली या वाळवंटात एका दिवसात सुमारे ५६ मिलिमीटर पाऊस कोसळला. तिथे वर्षभराचा पाऊस जेमतेम एवढाच. प्रशांत महासागरातून आलेल्या ‘हिलरी’ वादळाची ही करामत. त्याच दिवसांत इकडे सातपुड्याच्या पायथ्याशी आभाळ कोरडं ठक्क होतं. १९०१पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी.

दोन्हीकडे हात एल निनोचा. प्रशांताचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी तापलं की मेक्सिकोच्या अंगाला वादळांना चेव येतो आणि आपला मान्सून बहुतेकदा मार खातो. २०१५ साली तेच झालं. जुलैत ‘डोलोरेस’ वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी दुष्काळी कॅलिफोर्नियात महामार्गावरचा पूल पाडला. मराठवाडा मात्र एवढा वाळला की २०१६च्या एप्रिलात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. तेव्हा प्रशांतातलं वादळ मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरसमोर, तापीकाठी वसलेल्या जैनाबादला पाऊस देईल का, असं विचारलं तर पहिलं उत्तर उलटंच निघतं. तिकडे वादळांची चंगळ, त्या साली इकडे बहुधा हात आखडता.

दुसरं उत्तर थोडं आशेचं. प्रशांताच्या पश्चिमेकडची वादळं व्हिएतनामला धडकतात, डोंगरांवर दम तोडतात. पण कधीकधी त्यांचा उरलेला भोवरा म्यानमार ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरतो आणि तिथे पुन्हा बाळसं धरतो. जुलै २०२५मध्ये ‘विफा’चं असंच झालं. हाँगकाँग, व्हिएतनाम करत आलेलं हे वादळ उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र बनलं आणि तिथून देशात शिरलं. म्हणजे प्रशांताचा पाऊस मध्य भारतापर्यंत येऊ शकतो, पण नाव बदलून आणि हजारो किलोमीटरची पायपीट करून. त्याच्या भरवशावर कुणी पेरणी करू नये.

शिवाय बऱ्हाणपूर जिल्हा केळीचा. इथल्या लिलावाच्या भावावर सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या रावेरच्या शेतकऱ्याचंही लक्ष असतं. केळीच्या खोडात लाकूड नसतंच. पानांच्या देठांची एकात एक गुंडाळी, बस्स. घडाच्या वजनानं आधीच एका अंगाला कललेलं ते झाड वाऱ्याच्या एका झोताला मधोमध मोडतं. नवती म्हणजे नवी लागवड असो की पिलबाग म्हणजे खोडवा, पडलेलं खोड पुन्हा उभं राहत नाही, कच्च्या घडाला व्यापारी हात लावत नाही आणि शेत साफ करायची मजुरी वर बसते ती वेगळीच. पाऊस हवा, वादळ नको, असं इथला माणूस म्हणतो त्यात रडगाणं नाही, रोकडा हिशेब आहे.

आणि आलेल्या पाण्याचं काय होतं? त्याच २०२३मध्ये, कोरड्या ऑगस्टनंतर, सप्टेंबरच्या मध्यावर उपसागरातून आलेल्या कमी दाबानं दोन दिवसांत नर्मदा-तापी फुगवल्या. खाली तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागले. महिनाभर ज्याची वाट पाहिली ते पाणी दाराशी आलं आणि सुरतेच्या दिशेनं निघूनही गेलं. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं. उपसागरातून येणारी अशी क्षेत्रंही साधारण त्याच वाटेनं, नदीच्या प्रवाहाबरोबरच सरकतात. त्यामुळे पूर लवकर चढतो आणि जमिनीला पाणी प्यायला सवड मिळत नाही.

जैनाबादनं हे फार पूर्वी पाहिलंय. १६३० साली गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस गेला, पुढच्या वर्षी अतिवृष्टीनं उरलंसुरलं नेलं. शाहजहान तेव्हा बऱ्हाणपुरात तळ देऊन होता. दरबारी बखरकार लिहितो, की वीस सोमवार, दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले. एकूण एक लाख. त्याच दुष्काळात, जून १६३१मध्ये, त्याची बेगम मुमताज गेली आणि जैनाबादच्या आहूखान्याच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं. पर्यटक तेवढंच ऐकून परततात.

खरं बघण्याजोगं नदीच्या दुसऱ्या काठाला, बऱ्हाणपूरच्या बाजूला आहे. १६१५च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात खोदलेला कुंडी भंडारा. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत होतं. ते वाटेतच बोगद्यात अडवलं आणि निव्वळ उतारानं शहरात आणलं. वर ओळीनं शंभरावर कुंड्या. आज पाळण्यातून खाली उतरलं की भिंतींवर चुन्याचे पांढरे थर दिसतात, पायाशी गार पाणी असतं आणि डोक्यावर कुंडीच्या तोंडाएवढा गोल उजेड. पंप नाही, वीज नाही. युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२४ला त्याचं नाव गेलं, हे छानच. पण यादीत नाव गेल्यानं बोगद्याला पाणी येत नाही. ते डोंगरात मुरलं तरच येतं.

१० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशनं तापी महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. सातपुड्याच्या पायथ्याच्या गाळपट्ट्यात पाणी जिरवण्याची ही कल्पना कुंडी भंडाऱ्याचीच थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. प्रकल्प व्हावाच. पण कालवे खणून होईस्तोवर हातावर हात ठेवून बसण्याचं कारण नाही. जुलै २०२२मध्ये बऱ्हाणपूर ‘हर घर जल’चं प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा ठरला. घरोघर नळ नेणाऱ्या जिल्ह्याला नाले अडवणं, आटलेल्या विहिरींत पावसाचं पाणी गाळून सोडणं आणि भंडाऱ्याच्या पाणलोटात नवी बोअर रोखणं जड जाऊ नये. दोन्ही राज्यांच्या सरकारांनी पायथ्याच्या नाल्यांपासून सुरुवात करावी, आणि तीही येत्या मृगाच्या आत.