नांगर, नांगरणे आणि 'करणे'

'वॉटर', 'बुक', 'हॅमर' हे शब्द जसेच्या तसे नामही होतात आणि क्रियापदही. ही लवचीकता मराठीत नाही, असे इंग्रजीच्या वर्गात वर्षानुवर्षे सांगितले जाते. त्यातला उत्तरार्ध आता मराठीच्या वर्गातही निमूट मान्य होतो. आमचा आक्षेप या निमूटपणाला आहे.

आधी इंग्रजीविषयी. तिची ही लवचीकता बव्हंशी प्रत्यय झिजल्याचा परिणाम आहे. जुन्या इंग्रजीत प्रेमासाठी 'लुफु' हे नाम आणि 'लुफिअन' हे क्रियापद अशी दोन वेगळी रूपे होती. शब्दांचे शेवट गळाले आणि दोहोंचे 'लव्ह' झाले. पुढे त्याच वळणावर नवे शब्द घडत गेले.

आता इंदापूरच्या शिवारात यावे. नीरा डाव्या कालव्याच्या या ऊसपट्ट्यात 'नांगर' हे अवजार आहे आणि 'रान नांगर' ही आज्ञाही आहे. कुळव आणि कुळवणे यांचे नाते तेच. 'उसाला तोड आली' यात तोड नाम आहे, 'ऊस तोड' यात क्रियापद. खेळ, नाच, वाढ, समज हे शब्द तर प्रत्येकाच्या तोंडी आहेत. इतर रूपांत प्रत्यय लावावा लागतो, हे खरे; पण त्याला असमर्थता म्हणता येत नाही.

शेजारच्या बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने, मोरोपंतांनी (१७२९–१७९४) काव्यरचना केली. त्यांच्या परंपरेतील पंडित कवींना प्रार्थणे, वर्णणे, विलोकणे, स्तवणे ही क्रियापदे सहज वश होती. संस्कृत शब्दाला ते बेधडक मराठी प्रत्यय लावीत. अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांनाही मराठीने असेच आपलेसे केले : खर्च–खर्चणे, बदल–बदलणे, शरम–शरमणे.

आज आपण 'प्रार्थना करतो', 'वर्णन करतो', 'अवलोकन करतो'. शेतीविषयक पत्रकांत 'नांगरावे' असे न लिहिता 'नांगरट करावी' असे लिहितो. 'मेसेज', 'शेअर', 'डाउनलोड' हे इंग्रजीत दोन्ही कामे करणारे शब्द मराठीच्या उंबरठ्यावर आपले क्रियापदत्व उतरवून ठेवतात आणि 'करणे'चा हात धरून आत येतात. 'फोन करणे' सोयीचे आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु एकाच क्रियापदाने सारी भाषा वाहावी, हा आळस होय. तो आपला आहे, मराठीचा नव्हे.

महाजालावर कुणी 'गुगलणे' लिहिले की आपण हसतो, आणि उत्तरपत्रिकेत ते आले तर लाल रेघ ओढतो. वास्तविक तो शब्द 'बदलणे'च्याच वाटेने आला आहे : गुगलले, गुगलतो, गुगलून. त्याला मराठी व्याकरणाचे सारे प्रत्यय लागतात. तो टिकेल वा लोपेल, हे वापर ठरवील. आमची अध्यापकांना विनंती एवढीच की, विद्यार्थ्याने नामापासून क्रियापद घडविले तर कोशात नाही म्हणून ते खोडू नये. आधी ते चालवून पाहावे, आणि वर्गात मराठीची उणीव सांगण्यापूर्वी 'नांगर' हा शब्द फळ्यावर लिहावा.