विश्लेषण : चिमुकल्यांना फिरायला न्यायचे कुठे? पुण्यात बागा असूनही हा प्रश्न का पडतो?

शनिवार उजाडला, की लहान मुलांच्या घरात ‘आज कुठे जायचे?’ हा प्रश्न येतो आणि बहुतेकदा उत्तर मॉलपाशी थांबते. उद्यानांची संख्या दोनशेच्या पुढे असलेल्या, टेकड्या आणि संग्रहालये लाभलेल्या पुण्यात असे व्हावे, याची कारणे पालकांच्या आळसात कमी आणि शहराच्या रचनेत अधिक सापडतात.

हा प्रश्न किती मुलांचा?

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांहून अधिक होती आणि त्यात सहा वर्षांपर्यंतची मुले तीन लाखांहून जास्त. म्हणजे साधारण दर दहा पुणेकरांमागे एक जण या वयाचा. त्यानंतर शहर बरेच पसरले. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. या नव्या भागांत इमारती आधी उभ्या राहिल्या. पदपथ आणि बागा मागून यायच्या आहेत. या वयाच्या मुलांना मत नाही, तक्रार अर्ज करता येत नाही आणि एकट्याने बाहेर पडता येत नाही. त्यामुळे त्यांची गैरसोय ही केवळ ‘घरातली कटकट’ ठरते, शहराचा प्रश्न होत नाही.

बाहेर नेणे इतके आवश्यक का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यानुसार एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करायला हवी. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातील किमान ६० मिनिटे धावणे, उड्या मारणे, चढणे अशी दमवणारी असावीत. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा एक तास आहे, तीही जितकी कमी तितकी चांगली. दोन खोल्यांच्या घरात तीन तासांची हालचाल होणे कठीण. ती बाहेरच होते, आणि आठवड्यातून एकदा नव्हे, तर रोज व्हावी लागते. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने खेळ आणि विरंगुळा हा मुलांचा हक्क मानला आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. त्यामुळे खेळायला जागा असणे ही चैन म्हणता येत नाही.

लहान मुलाला सहलीतून काय हवे असते?

मोठ्यांच्या लेखी सहल म्हणजे पाहण्याच्या ठिकाणांची यादी. तीन वर्षांच्या मुलाचे तसे नसते. त्याला एकाच पायरीवरून वीस वेळा उतरायचे असते, मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघायचे असते, खिशात खडे भरायचे असतात. महाराष्ट्राला हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात बालशिक्षणाचे काम उभे केले तेव्हा महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया यांनाच शिक्षणाचे साधन केले. मुले शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या त्यांच्या विचारातून अंगणवाडी आकाराला आली. शहरातल्या सहलीलाही हाच निकष लावता येतो. जागा घराजवळ असावी, हाताळायला काहीतरी असावे आणि घाई नसावी.

पुण्यात अशा जागा कोणत्या?

सर्वांत जुनी आणि अजूनही उपयोगी जागा म्हणजे सारसबागेचा परिसर. तळ्यातला गणपती, मोकळी हिरवळ आणि शेजारचे पेशवे उद्यान असे तिन्ही एकाच फेरीत होते. पेशवे उद्यानातली ‘फुलराणी’ १९५६ मध्ये धावू लागली. आज तिच्यात नातवंडांना बसवणारे आजी-आजोबा लहानपणी तिच्यातच बसलेले असतात. तिथले प्राणिसंग्रहालय पुढे कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलले. याच परिसरातील गरवारे बालभवनने मुलांना मोकळेपणी खेळू देण्याची चळवळ शहरात रुजवली. शोभा भागवत यांनी अनेक वर्षे त्याची धुरा वाहिली.

कात्रजचे प्राणिसंग्रहालय मोठे आहे आणि बुधवारी बंद असते. लहान मुलाला घेऊन ते एका दिवसात ‘पूर्ण करणे’ हा हट्ट महागात पडतो. दोन-तीन प्राणी नीट पाहावेत, सावलीत डबा खावा आणि परतावे. उरलेले पुढच्या वेळी. एम्प्रेस गार्डनची जुनी, मोठी झाडे लपाछपीला उत्तम. कोथरूडमधील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पावसाळ्यातल्या दुपारी उपयोगी पडते. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाला डॉ. केळकर यांनी बालवयात गेलेल्या आपल्या मुलाचे नाव दिले आहे. तिथले दिवे, अडकित्ते, वाद्ये आणि बाहुल्या हे ओळखण्याच्या खेळासाठी चांगले साहित्य आहे. मात्र लहान मुलासोबत एका वेळी दोन दालने पुरेत.

आणि ज्यांना तिकीटच नाही त्या टेकड्या : पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी. पर्वतीच्या शंभराहून अधिक पायऱ्या चार वर्षांचे मूल मोजत मोजत चढते. अंक शिकवायला याहून स्वस्त वर्ग नाही.

मग अडते कुठे?

अडते ते या जागांपर्यंत पोहोचण्यात आणि तिथे टिकण्यात. स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिथून सारसबाग साधारण किलोमीटरभर. मोठ्या माणसाला हे अंतर पंधरा मिनिटांचे. एका हाताला तीन वर्षांचे मूल, दुसऱ्या हातात पिशवी आणि समोर सातारा रस्त्याची वाहतूक असेल, तर तेच अंतर रिक्षाचे होते. बाबागाडी ढकलत शंभर पावले सलग जाता येईल असे पदपथ शहरात मोजकेच. कुठे डीपीचा खांब, कुठे लावलेल्या दुचाकी, कुठे गुडघाभर उंचीची कड.

पोहोचल्यावर दुसरी अडचण वेळेची. महापालिकेची बहुतेक उद्याने सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, दुपारी बंद. उन्हाळ्यात हे समजण्यासारखे आहे, पण डिसेंबर-जानेवारीच्या कोवळ्या दुपारीही फाटकाला कुलूप असते. अंगणवाडी किंवा बालवाडी सुटल्यावर मुलाला घेऊन येणाऱ्या आजीला हीच वेळ सोयीची असते. तिसरी अडचण स्वच्छतागृहाची. मुलाला ‘लागली’ म्हटल्यावर पाच मिनिटांचीही सवलत नसते, आणि लंगोट बदलायला स्वच्छ फळी तर जवळपास कुठेच नाही. ते नाही म्हणून कितीतरी कुटुंबे तासाभरात घरी परततात.

चौथी अडचण खेळण्यांची. बहुतेक बागांतील घसरगुंडी आणि झोके सहा-सात वर्षांपुढच्या मुलांच्या मापाचे असतात. दोन वर्षांच्या मुलाला तिथे ‘नको, पडशील’ एवढेच ऐकावे लागते. मे महिन्यात पत्र्याची घसरगुंडी तापून चटका देते. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला तर वाळूच्या खड्ड्याच्या अलीकडेच थांबावे लागते.

मॉलमधला ‘प्ले झोन’ त्यावर उत्तर आहे का?

पालक तिथे जातात, कारण वर सांगितलेली प्रत्येक अडचण तिथे सुटलेली असते. वाहनतळ आहे, उद्वाहक आहे, स्वच्छतागृह आहे, ऊन-पाऊस नाही. त्यामुळे पालकांना दोष देऊन उपयोग नाही. मात्र तिथे खेळाचा हिशेब तासावर होतो, मोजे सक्तीचे असतात आणि वेळ संपली की घंटा वाजते. शिवाय गोंगाट आणि लखलखाट यांनी दोन वर्षांचे मूल लवकर थकते. खेळून झाले की खाण्याच्या मजल्यावरून जावेच लागते, हेही खर्चात धरायला हवे.

खरा मुद्दा त्यापलीकडचा आहे. मोठ्या गृहसंकुलांत स्वतःची खेळाची जागा असते, तिला फाटक असते आणि फाटकावर रखवालदार. त्याच संकुलात धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलाला त्या झोक्यावर बसता येत नाही. मॉलचे दारही पैशांनीच उघडते. दोन्ही घरांतली मुले एकाच घसरगुंडीच्या रांगेत उभी राहतील अशी जागा उरते ती एकच : सार्वजनिक बाग. ती ओस पडली किंवा हातची गेली, तर नुकसान केवळ करमणुकीचे नाही. आपल्यापेक्षा वेगळ्या घरातल्या मुलाशी पहिली ओळख, पहिले भांडण आणि पहिली दिलजमाई कुठे व्हायची, हा प्रश्न उरतो.

‘९५ सेंटीमीटर’ची कल्पना काय आहे?

नेदरलँड्सच्या बर्नार्ड व्हॅन लीर फाउंडेशनने ‘अर्बन ९५’ हा उपक्रम सुरू केला. निरोगी तीन वर्षांच्या मुलाची उंची सरासरी ९५ सेंटीमीटर असते. त्या उंचीवरून शहर कसे दिसते, हा त्यामागचा साधा प्रश्न. त्या उंचीवर गाडीचा धूर थेट तोंडावर येतो, उभ्या केलेल्या मोटारीपलीकडचा रस्ता दिसत नाही आणि पाण्याचा नळ हाताला लागत नाही. पुणे महापालिका या उपक्रमात सहभागी झाली. केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कामकाज मंत्रालयानेही २०२० मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी परिसर सुधारण्याची स्पर्धा जाहीर केली. तिच्यासाठी निवडलेल्या २५ शहरांत महाराष्ट्रातून नागपूर होते.

पुण्यात याचा नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. जंगली महाराज रस्त्याची फेररचना झाली तेव्हा पदपथ रुंद झाले, बसायला जागा आली आणि पदपथावरच मुलांसाठी खेळणी बसवली गेली. खरेदीला निघालेले कुटुंब तिथे दहा मिनिटे थांबते आणि मूल खेळून घेते. त्यासाठी वेगळी सहल काढावी लागत नाही.

जगात याचे उदाहरण आहे का?

दुसऱ्या महायुद्धानंतर अॅमस्टरडॅममध्ये पैसे कमी होते आणि मुले खूप. वास्तुरचनाकार आल्डो व्हॅन आइक यांनी १९४७ पासून पडीक तुकड्यांवर, चौकाच्या कोपऱ्यांत खेळाच्या जागा करायला सुरुवात केली. पुढील तीन दशकांत अशा सातशेहून अधिक जागा उभ्या राहिल्या. त्यात असायचे काय? वाळूचा चौकोन, उडी मारायला दगडी ठोकळे, लोंबकळायला लोखंडी कमानी. एकच भव्य उद्यान बांधण्याऐवजी प्रत्येक वस्तीला चालत जाता येईल असा तुकडा दिला, हे त्या कामाचे मर्म.

महापालिकेने काय करायला हवे?

पहिले, ‘संकल्पना उद्याना’चा मोह आवरावा. कारंजी, कमानी आणि दिव्यांवर होणाऱ्या खर्चात अनेक वस्त्यांना वाळूचा खड्डा, सावली आणि पाण्याचा नळ देता येईल. दुसरे, सुविधा भूखंड राखावेत. असे भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव २०२१ मध्ये पुण्यात वादग्रस्त ठरला होता. नव्याने आलेल्या गावांत उद्या खेळाची जागा कुठे होणार, याचे उत्तर याच भूखंडांत आहे. एकदा हातचे गेले की ते एका बालपणात परत मिळत नाहीत. तिसरे, हिवाळ्यात उद्याने दुपारी उघडी ठेवावीत. त्यासाठी नव्या बांधकामाची गरज नाही. पहारेकऱ्याच्या पाळीचे वेळापत्रक बदलावे लागेल. चौथे, प्रत्येक मोठ्या बागेत चालू स्थितीतले स्वच्छतागृह आणि लंगोट बदलण्याची फळी असावी. पाचवे, प्रत्येक अंगणवाडीपासून जवळच्या बागेपर्यंतचा रस्ता आधी चालण्याजोगा करावा. अधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी तो एकदा बाबागाडी ढकलत चालून पाहिला, तरी निविदेत काय लिहायचे ते कळेल.

तोवर पालकांनी काय करावे?

महिन्यातून एका मोठ्या सहलीपेक्षा आठवड्यातून तीन छोट्या फेऱ्या मुलाच्या अधिक उपयोगाच्या. एका वेळी एकच ठिकाण ठेवावे आणि झोपेच्या वेळेआधी परतावे. पाणी, सुका खाऊ, कपड्यांचा एक जोड आणि टोपी सोबत असली की निम्म्या अडचणी टळतात. गाडी, तिकीट आणि सुट्टीचा वार यांची निघण्यापूर्वी चौकशी करावी. बंद फाटकासमोरचे रडणे आवरणे सोपे नसते. रेल्वेचा पूल, कुंभारवाडा, मंडई, नर्सरी, अग्निशमन केंद्राबाहेर उभे लाल बंब, ही सारी लहान मुलाची प्रेक्षणीय स्थळेच आहेत. मंडईत मुलाला स्वतः चार लिंबे निवडू द्यावीत, त्याचा अर्धा तास मजेत जातो.

आणि बागेतला झोका तुटलेला दिसला, तर दुसरी बाग शोधण्याआधी तक्रार नोंदवावी. गाडी असलेले कुटुंब दुसरीकडे जाऊ शकते. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांच्या मुलांना तोच झोका आहे.