पप्पांचा मास्क आणि तासांचा हिशेब



संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पारणी आटोपली आणि मी ओटा आवरत होते, तेवढ्यात फोन वाजला. पप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सीपॅप मशीन जिथून घेतलं तिथली मुलगी बोलत होती. "काकांचं मशीन दोन रात्री बंद दिसतंय. काही अडचण आहे का?"

अडचण काहीच नव्हती. पप्पा दोन रात्री स्थानकात पौषधाला होते आणि पौषधात विजेची वस्तू वापरत नाहीत. मुलगी बिचारी काळजीनंच विचारत होती. पप्पा मात्र चमकले. "मी पारगावात किती तास झोपलो, हे त्यांना पुण्यात बसून कळतं?"

कळतं. मशीनमध्ये सिमकार्डासारखी सोय असते. मास्क किती तास लावला, हवा कुठून गळली, श्वास किती वेळा अडला, हे सगळं रोज सकाळी पुढे जातं. घेताना आपण कागदावर सही केलेली असते, वाचलेलं मात्र नसतं.

घोरणं म्हणजे गाढ झोप, असंच आपल्याकडे समजतात. २०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा बातम्यांत स्लीप ॲप्नियाचं नाव आलं आणि घरोघरी थोडी चर्चा झाली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते आणि माणूस दचकून पुन्हा श्वास घेतो. असं तासाला ३० वेळा किंवा त्याहून जास्त झालं तर आजार गंभीर समजतात. मशीन मास्कमधून हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवतं. एक रात्र मास्क काढला, तर त्याच रात्री त्रास परत येतो. म्हणून डॉक्टरांना तास कळायला हवेत, हे मला पूर्ण मान्य आहे.

माझा प्रश्न आहे तो पुढचा. हे तास विमा कंपनीला कळावेत का?

अमेरिकेत हे कधीच सुरू झालंय. तिथल्या सरकारी मेडिकेअरचा नियम असा, की पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री, म्हणजे २१ रात्री, किमान ४ तास मशीन चाललं पाहिजे. नाहीतर मशीनचे पैसे पुढे मिळत नाहीत. तिथल्या बऱ्याच खासगी कंपन्याही तोच आकडा धरतात.

आपल्याकडे गंमत वेगळीच. घरी वापरायच्या मशीनचे पैसे बहुतेक पॉलिसी देतच नाहीत. विमा नियामकाच्या ठरलेल्या अटींत मात्र वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी जे आजार ग्राह्य धरलेत, त्यात गंभीर स्लीप ॲप्निया आहे. म्हणजे वजन ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर पोटाच्या ऑपरेशनचा विचार होईल, पण नाकावरच्या मास्कचा खर्च ज्याचा त्यानं करायचा! आम्ही तो केला. शिवाय पॉलिसी घेताना हा आजार सांगावा लागतो आणि आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावता येतं.

पावलं मोजून सवलत देणाऱ्या पॉलिसी आता आपल्याकडेही आहेत. उद्या मास्कचे तास मोजून हप्ता ठरवायला कुणी निघालं, तर मला नवल वाटणार नाही. तेव्हा पप्पांच्या त्या दोन रात्रींचं काय होईल? लाईट गेली म्हणून मशीन बंद राहिलं, सर्दीनं नाक चोंदलं, नातवाच्या तापात जागरण झालं, या सगळ्याची नोंद तिकडे एकच: शून्य तास.

आपण नियम घेतो, पच्चक्खाण घेतो, त्यात आगार असतात. चुकून झालं, अचानक झालं, आजारपणात समाधी राखण्यासाठी करावं लागलं, अशी सवड व्रत देतानाच ठेवलेली असते. इतक्या कडक धर्मानं माणसाची अडचण आधीच ओळखली. आणि चुकलंच तर प्रतिक्रमणात आपलं आपण बघायचं असतं, गुरूंपुढे आलोचना करायची असते. गुरू त्याचं प्रायश्चित्त देतात, दंड वसूल करत नाहीत. पप्पांच्या तासांचा आकडाही असाच डॉक्टरांपुढे जावा, कारण "का नाही लावला?" हे ते विचारतील. पैसे अडवायला बसलेला माणूस फक्त "किती?" विचारतो.

आता आमची चूकही सांगते. पौषधाआधी आम्ही डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. नंतर विचारलं, तर ते रागावले, आणि बरोबरच रागावले. महाराजसाहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, शरीराला झेपेल तेवढंच व्रत घ्यावं. आता पप्पा दिवसभराचा संवर करतात आणि रात्री घरी येऊन मास्क लावतात. हा बदल त्या फोनमुळेच झाला, हे मी नाकारत नाही. पण त्या मुलीनं कारण विचारलं म्हणून झाला.

म्हणून विमा कंपन्यांना माझं सांगणं साधं आहे. तास मागायचे असतील तर आधी मशीनचा खर्च उचला. माहिती घ्यायला वेगळी सही घ्या, मराठीत, समजेल अशी. आणि तासांच्या रकान्याशेजारी कारणाचा रकाना ठेवा.

तोवर आपण एवढं करू. उशाशी छोटी वही ठेवा. तारीख, तास, आणि मास्क काढला असेल तर का काढला, ते लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या. पप्पा सामायिक झाल्यावर रोज लिहितात. काल लिहिलं होतं, "लाईट नव्हती, ३ तास. बाकी शांत."

काही कमी-जास्त लिहिलं असेल तर मिच्छामि दुक्कडम.