विश्लेषण : बर्फ पडताच काही कुत्री शू-शी का रोखून धरतात?

बाहेर गुडघाभर बर्फ, तापमान उणे १५ अंश. दारात उभा असलेला कुत्रा एक पंजा बर्फात टेकवतो आणि लगेच मागे घेतो. मालक पट्टा ओढतो, विनवतो, शेवटी ओरडतो. कुत्रा घरात परततो आणि दहा मिनिटांत गालिचा ओला करतो. शेजारचा हस्की मात्र त्याच बर्फात लोळून, दोन झाडांवर शू करून मजेत परतलेला असतो. अमेरिका-कॅनडातील मराठी घरांनाही हे दृश्य नवे नाही. समाजमाध्यमांवर असे व्हिडीओ गंमत म्हणून फिरतात आणि दाराशी अडलेल्या कुत्र्यावर ‘हट्टी’, ‘लाडावलेला’ असा शिक्का बसतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

हट्ट की हरवलेली जागा?

कुत्र्याचे पिल्लू साधारण आठ-नऊ आठवड्यांचे होईपर्यंत शू-शीसाठी विशिष्ट पृष्ठभाग पसंत करू लागते. गवत, माती, वाळू किंवा वर्तमानपत्र. पंजाखाली तो ओळखीचा स्पर्श आला की शरीराला इशारा मिळतो. एका रात्रीत दोन फूट बर्फ पडला की हा स्पर्शच नाहीसा होतो. त्यात वासही दडपला जातो. जुन्या खुणा बर्फाखाली गाडल्या जातात आणि थंडीत वासाचे रेणू हवेत कमी उडतात. माणसाला अंगण पांढरे झालेले दिसते. कुत्र्यासाठी ते पुसले गेलेले असते.

या खुणांचे महत्त्व दाखवणारा एक मजेशीर प्रयोग बर्फातच झाला होता. कोलोरॅडोतील बोल्डर येथे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ मार्क बेकॉफ यांनी पाच हिवाळे आपल्या जेथ्रो या कुत्र्याच्या मागे फिरून ‘पिवळा बर्फ’ उचलला. कधी जेथ्रोच्या लघवीचा, कधी इतर कुत्र्यांच्या. तो त्याच्या नकळत पुढच्या वाटेवर नेऊन ठेवला. येणारे-जाणारे या गृहस्थांकडे कसे पाहत असतील, याची कल्पना करावी! पण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांतून दिसले ते असे : स्वतःच्या लघवीचा डाग जेथ्रो थोडाच हुंगत असे, परक्यांचा मात्र बराच वेळ.

हस्कीला जमते ते चिवावाला का नाही?

इथे सरळ शरीररचनेचा प्रश्न आहे. हस्की, मॅलाम्यूट यांना केसांचा दुहेरी थर असतो. चिवावा किंवा डॅशहाउंडला बर्फात बसायचे म्हणजे पोट थेट बर्फाला टेकवायचे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये एकूण सुमारे २८० सेंटिमीटर बर्फ पडला. वीतभर उंचीच्या कुत्र्यासाठी तो भिंतच होता. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला निसरड्या जागी तीन पायांवर तोल सांभाळणे किंवा उकिडवे बसणे कठीण जाते. दुसऱ्या टोकाला अलास्कातील ‘इडिटारॉड’ शर्यतीतील कुत्री. स्लेज ओढता ओढता, धावतानाच ती विधी उरकतात.

पंजे मात्र सर्वांचेच विलक्षण. जपानी संशोधक हिरोयोशी निनोमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की पंजाकडे जाणारे गरम रक्त आणि तिथून परतणारे गार रक्त अगदी शेजारून वाहते आणि उष्णतेची देवाणघेवाण करते. कारखान्यातील हीट एक्स्चेंजर याच तत्त्वावर चालतो. पण ही सोय रस्त्यावर टाकलेल्या मिठापासून वाचवत नाही. भेगा पडलेल्या पंजाला मीठ झोंबते आणि पुढच्या वेळी कुत्रा दारातच अडतो.

मग करायचे काय?

फावडे उचलायचे. बर्फ पडला की मोटारीची वाट आधी मोकळी होते, कुत्र्याची जागा कुणाच्या यादीतच नसते. नेहमीच्या कोपऱ्यात गवत दिसेपर्यंत दोन-चार चौरस मीटर जागा उकरली, तर बहुतेक घरांतला तिढा सुटतो. लहान कुत्र्यासाठी तिथपर्यंतची पायवाटही हवी. परतल्यावर पंजे कोमट पाण्याने पुसावेत. घरात शू केली म्हणून ओरडणे सर्वांत निरुपयोगी. त्यातून कुत्रा बाहेर जायला शिकत नाही. माणसासमोर शू करायची नाही, एवढेच शिकतो. मग तो सोफ्यामागची जागा शोधतो आणि बाहेर पट्ट्याच्या टोकाशी माणूस उभा असला की तिथेही रोखून धरतो.

रोखून धरण्यालाही मर्यादा आहे. २४ तास लघवी झाली नाही, तर पशुवैद्यकाकडे न्यावे. जोर करूनही थेंब येत नसेल, तर तेवढेही थांबू नये. वर्षानुवर्षे बर्फात बिनदिक्कत जाणारा कुत्रा अचानक टाळू लागला, तर दोष बर्फावर ढकलून चालणार नाही. सांधे, मूत्रमार्ग तपासायलाच हवेत.

आणि शी उचलायची ती बर्फातही. ‘वरून बर्फ पडेल, झाकले जाईल’ म्हणून पुढे निघणारे मालक थोडे नाहीत. विष्ठेतील गोलकृमींची अंडी गोठवणाऱ्या थंडीतही तग धरतात. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागला, की हिवाळाभर झाकलेले सारे त्याच अंगणात वर येते. तोवर मुलेही तिथे खेळायला उतरलेली असतात.