अंगारा आणि पहिला तास

रात्री दोनच्या सुमारास घरातला कर्ता पुरुष छातीवर हात धरून उठून बसतो, घामाने सदरा भिजतो, डाव्या हातात कळ येते. अशा वेळी आपल्याकडच्या घरांत काय घडते हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. कोणी पाणी आणते, कोणी ओव्याची चिमूट पुढे करते, कोणी पाठ चोळते. घरातील वृद्ध स्त्री देवापुढे दिवा लावते, अंगाऱ्याचे बोट रुग्णाच्या कपाळाला लावते आणि कुलदैवताला नवस बोलते. हे सारे मायेपोटी होते आणि त्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, हे सारे चालू असताना रुग्णवाहिकेला दूरध्वनी केलेला असतो काय? पुष्कळ घरांत त्याचे उत्तर नकारार्थी असते आणि त्या नकाराची किंमत कधी कधी एका आयुष्याएवढी असते.

श्रद्धेची टवाळी करून हा प्रश्न सुटणार नाही. अतिदक्षता विभागाच्या बंद दाराबाहेर ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना नामस्मरणाचा आधार म्हणजे काय ते ठाऊक असते. आपल्या हाती करण्यासारखे काहीही उरलेले नसते तेव्हा जप, स्तोत्र किंवा मनातल्या मनात घातलेली हाक माणसाला कोसळू देत नाही. कुटुंबाला एकत्र ठेवते. हा आधार हिरावून घेणाऱ्यापाशी बदल्यात देण्याजोगे फारसे काही नसते. परंतु हाती करण्यासारखे काहीच उरलेले नसताना घेतलेला आधार वेगळा, आणि करण्यासारखे पुष्कळ असताना ते न करता बसून राहणे वेगळे. पहिल्याला श्रद्धा म्हणावे. दुसऱ्यालाही आपण तेच नाव देतो, येथे घोटाळा होतो.

हृदयविकाराच्या झटक्यात शरीरात काय घडते हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमनीच्या आतील थर फाटतो, तेथे रक्ताची गुठळी जमते आणि पुढचा रक्तप्रवाह बंद पडतो. रक्ताविना स्नायू वीस ते चाळीस मिनिटांत मरू लागतो. धमनी पूर्ण बंद राहिली तर साधारण सहा तासांत त्या भागाचे बहुतेक नुकसान होऊन चुकते. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही; त्या जागी निकामी व्रण राहतो आणि उरलेल्या आयुष्याचे ओझे उरलेल्या स्नायूला ओढावे लागते. याखेरीज पहिल्याच तासात हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येण्याचा धोका सर्वाधिक असतो.

इटलीतील डॉक्टरांनी सुमारे पावणेबारा हजार रुग्णांवर केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध ज्यांना वेदना सुरू झाल्यापासून पहिल्या तासात मिळाले, त्यांच्यातील मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. जसजसा उशीर होत गेला तसतसा लाभ ओसरत गेला. दोनच वर्षांनी, १९८८ साली, सतरा हजारांवर रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत असे दिसले की, साध्या अ‍ॅस्पिरिननेदेखील मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतात. १९७७ साली झुरिचमध्ये पहिली अँजिओप्लास्टी झाली आणि आज ती आपल्या जिल्ह्याच्या गावी होऊ लागली आहे. औषध आहे, शस्त्र आहे, ज्ञान आहे. रुग्ण वेळेवर येत नाही.

हा उशीर केवढा असतो? देशातील ८९ रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत वेदना सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यमान काळ ३६० मिनिटांचा निघाला. म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागला. रुग्णालयात पोचल्यावर औषध सुरू होईपर्यंतचा काळ मात्र ५० मिनिटांचा होता. उशीर मुख्यतः घरात आणि रस्त्यावर झाला होता. उशिरा पोचलेल्यालाही उपचारांचा उपयोग होतो, म्हणून ‘आता काय उपयोग’ असे म्हणून कोणी थांबू नये. पण जे पहिल्या तासात वाचले असते ते सगळे सहाव्या तासात वाचत नाही, हे मान्य केले पाहिजे.

या सहा तासांचा सारा दोष अंगाऱ्याच्या माथी मारणे हा अन्याय होईल. सुशिक्षितांच्या घरीही अंगारा असतो, त्याचे रूप तेवढे निराळे. ‘पित्त झाले असेल’, ‘गॅस वर चढला’, ‘सकाळपर्यंत बघू’, ‘आमच्या घराण्यात कोणाला हृदयविकार नाही’ ही वाक्येही श्रद्धेचीच वाक्ये आहेत. त्यांना पुरावा नसतो आणि ती म्हटल्याने मनाला बरे वाटते. एक जण सोड्याची पूड पाण्यात ढवळतो, दुसरा परगावच्या थोरल्या भावाचा सल्ला विचारतो, तिसरा कुटुंबाच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडण्याची वाट पाहतो. चौथा रुग्णाला तीन जिने चालत उतरवून स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवतो. विश्रांतीची सर्वांत अधिक गरज असते तेव्हाच त्या हृदयाला श्रम करायला लावतो.

या दुखण्याचा एक स्वभाव फसवा आहे. वेदना येते, ओसरते, पुन्हा येते. ओसरण्याच्या क्षणी हातून जे घडलेले असते त्याला यश मिळते. अंगारा लावला असेल तर अंगाऱ्याला, सोडा दिला असेल तर सोड्याला. घर सुटकेचा निःश्वास टाकते, दिवे मालवले जातात आणि आत गुठळी आपले काम करीत राहते. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत तर छातीत कळ येईलच असे नाही. धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, विलक्षण थकवा एवढ्यावरच झटका येऊन जातो. घरातील स्त्री ते दुखणे सकाळचे डबे होईपर्यंत बोलूनही दाखवत नाही. इतरांसाठी नवस बोलणारी ती स्वतःसाठी डॉक्टरही बोलावत नाही, याचा विचार घरातील पुरुषांनी करायचा आहे.

कायदा येथे किती उपयोगी पडेल? डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. हे आवश्यकच होते. पण कायदा भोंदूला पकडू शकतो. स्वतःच्या पतीच्या उशाशी बसून ‘थोडे थांबू या’ म्हणणाऱ्या पत्नीला, किंवा निर्णय घ्यायला कचरणाऱ्या मुलाला, तो पकडू शकत नाही आणि पकडूही नये. तेथे शिक्षणच गेले पाहिजे.

प्रार्थनेचा गुण प्रयोगशाळेत मोजण्याचा प्रयत्नही झालेला आहे. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवर अमेरिकेत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. परक्या माणसांनी केलेल्या प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. भाविकाला अशा हिशेबाचे महत्त्व वाटणार नाही, आणि ते स्वाभाविकही आहे; देवाशी असलेले नाते तो टक्केवारीत मांडत नाही. मग त्याने नवसाचाही हिशेब मांडू नये. ‘अमुक केले तर वाचवशील’ हा करार आहे, आणि अशा कराराची संभावना आपल्या संतांनीच सर्वांत कठोर शब्दांत केली आहे.

तुकोबांनी नवसाच्या कल्पनेची रेवडी उडवली. गाडगेबाबांनी गावोगावच्या कीर्तनांतून नवसावर आणि देवाच्या नावाने होणाऱ्या पशुहत्येवर कोरडे ओढले. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत रोग्यांना औषधोपचार हा धर्माचाच भाग मानला आहे. मुंबईत दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आज कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आसरा घेतात. शिर्डीच्या साईसंस्थानाने रुग्णालये उभारली असून तेथे हृदयावरील शस्त्रक्रिया होतात. आषाढी वारीत पालख्यांच्या बरोबर आरोग्यपथके आणि रुग्णवाहिका असतात. दिंडीत कोणी कोसळला तर वारकरी त्याला रुग्णवाहिकेत घालतात आणि मग पुढच्या अभंगाला हात घालतात. त्यांची भक्ती त्यामुळे उणी झाली असे कोणी म्हणणार नाही. घराघरांतही हाच क्रम का असू नये?

अर्थात उशिराचे सारे खापर कुटुंबावर फोडून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका सेवा आहे. तरीही दुर्गम पाड्यावर ती येईपर्यंतचा काळ आणि शहरातल्या हमरस्त्यावरचा काळ एक नसतो. वर उल्लेखिलेल्या पाहणीत तीस दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण सधनांत साडेपाच टक्के, तर गरिबांत ते आठ टक्क्यांहून अधिक होते, आणि हा फरक मुख्यतः मिळालेल्या उपचारांतील फरकामुळे पडलेला होता. खर्चाच्या धास्तीने जो देवावर हवाला ठेवतो त्याला अंधश्रद्धाळू म्हणणे सोपे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयावरील उपचार बसतात, २०१७ साली स्टेंटच्या किमतींवर केंद्राने मर्यादा घातली, या गोष्टी त्याच्यापर्यंत कोणी पोचवल्या होत्या काय, हेही विचारले पाहिजे. रुग्णालयांनीही ध्यानी घ्यावे की, दाराबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना दोन शब्द समजावून सांगितले नाहीत, तर ते ज्याच्यापाशी दोन शब्द आहेत अशा बुवाकडे जातील.

उपाय अवघड नाहीत. छातीत दाब, धाप आणि घाम ही लक्षणे पंधरा मिनिटांत थांबली नाहीत, किंवा थांबून पुन्हा आली, तर कोणाचीही परवानगी न विचारता १०८ लावायचा, रुग्णाला चालू द्यायचे नाही, आणि दूरध्वनीवरील वैद्यकीय सल्ल्यानुसार अ‍ॅस्पिरिन चघळायला द्यायची, हे प्रत्येक घराने निरोगी असतानाच ठरवून ठेवावे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री इसीजी निघतो याची चौकशीही आधीच करावी. शुद्ध हरपून श्वास थांबलाच तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे. ही पद्धत १९६० साली बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी जगापुढे मांडली. तिला दोन हातांपलीकडे कोणतेही साधन लागत नाही. ती न केल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी ती शिकून मुलांना शिकवावी. कचेऱ्यांतील कर्मचारी संघटनांनी महागाईभत्त्याच्या मागण्यांबरोबर वर्षातून एक दिवस यासाठी मागून घ्यावा. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते झाडण्याबरोबर हेही काम व्हावे.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी कोणाला देव सोडावा लागत नाही. दिवा लावायला एक माणूस पुरतो, दूरध्वनी करायलाही एकच पुरतो, आणि बहुतेक घरांत निदान दोन माणसे असतात. आधी दूरध्वनी आणि मग दिवा, एवढा क्रम ज्या कुटुंबाने पक्का केला, त्याने आपल्या माणसावरचे प्रेमही राखले आणि श्रद्धाही. उरलेली रात्र प्रार्थनेला मोकळीच असते.