उंदराची आई आणि दत्तक मूल

वाळूजच्या आमच्या ओटीवर यंदाच्या दिवाळींत उंदरांविषयीं चर्चा झाली, असें सांगितल्यास आमच्या नित्याच्या वाचकांस हंसूं येईल. या सदरांत आजवर आम्हीं सुभाषितें, व्रतें आणि मुलांचीं अक्षरें यांविषयींच बहुधा लिहिलें. उंदीर हा विषय आमच्या हातीं येईल असें आम्हांसही वाटलें नव्हतें. परंतु विषय दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचा शेवट एका घरांतील पाळण्यापाशीं होतो, आणि आमच्या हातून पूर्वीं घडलेल्या एका चुकीशींही त्याचा संबंध आहे. म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

आमची एक जुनी विद्यार्थिनी परदेशांतून चार दिवस घरीं आली होती. पीएच.डी. झाल्यावर ती आतां तेथील एका प्रयोगशाळेंत पुढील संशोधन करते. अशा लोकांस तिकडे ‘पोस्ट-डॉक्टरल’ म्हणतात. पदवी हातीं आलेली, पण स्वतःचें आसन अद्याप मिळालेलें नाहीं, अशी ही कांहीं वर्षांची उमेदवारी असते. आमच्याकडे अंतेवासी शिष्य गुरुजवळ राहून काम शिके, तसाच कांहींसा हा प्रकार. तिचा विषय म्हणजे उंदरांचें परस्परांशीं वागणें आणि त्या वेळीं त्यांच्या मेंदूंत होणाऱ्या घडामोडी. उंदीर हा रात्रीं जागणारा प्राणी. म्हणून प्रयोगशाळेंतील दिवे उलट्या वेळीं लावून दिवसाची रात्र करावयाची, आणि मंद तांबड्या उजेडांत तासन् तास त्यांचें वागणें टिपीत बसावयाचें. हें ऐकून आमच्या घरांतून प्रश्न आला, “अग, गणपतीच्या वाहनाला पिंजऱ्यांत कोंडून तुम्हांला मिळतें तरी काय?”

ती म्हणाली, “काकू, समितीच्या परवानगीवांचून आम्हांला एका उंदरालाही हात लावतां येत नाहीं. आणि मिळतें काय म्हणाल, तर आईपण कशानें येतें, हें थोडेंसें कळूं लागतें.”

हें उत्तर आमच्या शेजारच्या सूनबाई दाराशीं उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. वाळूज हें पूर्वीं गंगापूर तालुक्यांतील एक साधें शेतकरी गांव. पुढें पुणें रस्त्यावर औद्योगिक वसाहत आली, १९८५ सालीं बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि गांवोगांवचीं बिऱ्हाडें येथें येऊन राहिलीं. त्यांपैकींच हें एक. मुलगा कारखान्यांत इंजिनियर. लग्नास अकरा वर्षें झालीं, पण पाळणा हालला नाहीं. आतां दोघांनीं मूल दत्तक घेण्याचें मनांत आणलें आहे. सासूबाई मात्र म्हणतात, “कोणाचें रक्त, कोणतें कुळ! उद्यां तें कसें निपजेल हें कोणीं सांगावें?” सूनबाईंची भीति निराळीच. त्या आमच्या विद्यार्थिनीस हळूच म्हणाल्या, “मीं जन्म दिला नाहीं, तर मला त्या मुलाविषयीं आईची माया येईल का ग?”

हा प्रश्न ऐकून आम्ही मनांतून चरकलों. वीस वर्षांपूर्वीं आमच्या एका आप्तांनीं असाच सल्ला आम्हांस विचारला होता. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, पण पाठशाळेंत अमरकोश आणि लघुकौमुदी केलेली. तेवढ्या भांडवलावर आम्हीं मोठ्या अधिकारानें सांगितलें कीं, ज्याचें कुळशील ठाऊक नाहीं तें मूल घरांत घेऊं नये. त्यांनीं आमचें ऐकलें. आज तें जोडपें वृद्ध झालें असून दोघेंच राहतात. त्या वेळीं आणून ठेवलेला पाळणा त्यांच्या माळ्यावर कापडांत गुंडाळलेला आहे. त्यांच्या घरीं गेलों कीं आमची नजर नकळत वर जाते.

आतां उंदरांकडे वळूं. सासूबाईंच्या प्रश्नास आमच्या विद्यार्थिनीनें जें उत्तर दिलें तें असें. कॅनडांतील माँट्रियल शहरीं मॅकगिल विद्यापीठांत मायकेल मीनी व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांच्या मादीचें पिलांशीं वागणें पुष्कळ काळ पाहिलें. कांहीं माद्या पिलांस वरचेवर चाटतात, गोंजारतात. कांहीं तें काम बेताचेंच करतात. पुष्कळ चाटलेलीं पिलें मोठेपणीं धीट आणि शांत निघतात. कमी चाटलेलीं भित्रीं होतात. इतकेंच नव्हे, तर पुष्कळ चाटलेली लेक पुढें स्वतः आई झाली म्हणजे तीही आपल्या पिलांस पुष्कळ चाटते. आतां कोणीही म्हणेल, ‘खाण तशी माती’. हा गुण रक्तांतूनच उतरला. म्हणून त्या संशोधकांनीं नुकतींच जन्मलेलीं पिलें अदलाबदल करून पाहिलीं. कमी चाटणाऱ्या आईचीं पिलें जास्त चाटणारीच्या कुशींत घातलीं. तीं पिलें मोठेपणीं धीट झालीं. आणि त्यांतील माद्या आई झाल्यावर जन्मदात्रीप्रमाणें न वागतां पालनकर्त्रीप्रमाणें वागल्या. हा निष्कर्ष १९९९ सालीं प्रसिद्ध झाला.

याचें कारणही पुढें, २००४ सालीं, त्याच मंडळींनीं दाखविलें. भय वाटलें असतां शरीरांत एक द्रव्य सुटतें. तें पुरेसें झालें हें ओळखून त्यास आवर घालणारे ग्राहक मेंदूंत असतात. हे ग्राहक किती निर्माण व्हावे, हें ठरविणाऱ्या जनुकावर बारीक रासायनिक खुणा असतात. आईच्या चाटण्यानें पहिल्या आठवड्यांतच त्या खुणा बदलतात, आणि तो बदल मोठेपणींही टिकतो. ग्रंथ तोच, पण कोणतें पान उघडें ठेवावयाचें आणि कोणतें मिटावयाचें, हें संगोपनाच्या हातीं.

सूनबाईंच्या प्रश्नाचें उत्तर न्यूयॉर्कहून आलें आहे. लहान उंदराचें पिलूं घरट्याबाहेर पडलें तर तें इतक्या बारीक स्वरांत रडतें कीं मनुष्याच्या कानास तें ऐकूंच येत नाहीं. आई मात्र धांवून त्यास उचलून आणते. जिला कधीं पिलें झालीं नाहींत ती मादी प्रथम त्या रडण्याकडे लक्षही देत नाहीं. परंतु तिला एका आईबरोबर आणि पिलांबरोबर ठेविलें म्हणजे कांहीं दिवसांत तीही पिलें उचलूं लागते. ऑक्सिटोसिन नांवाचें जें द्रव्य प्रसूतीच्या आणि स्तनपानाच्या वेळीं कामास येतें, तेंच येथेंही काम करतें. त्याच्या योगानें मेंदूचा ऐकणारा भाग पिलाच्या रडण्यास प्रतिसाद देऊं लागतो. रॉबर्ट फ्रोम्के यांच्या प्रयोगशाळेंत बियांका मार्लिन या विदुषींनीं हें काम केलें; तें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. या बाईंच्या आईवडिलांनीं परक्या मुलांचा सांभाळ केला होता, आणि तशा भावंडांच्या सहवासांत त्या वाढल्या, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें २०२१ सालीं त्याच प्रयोगशाळेनें आणखी एक गंमत दाखविली. आई त्या दुसऱ्या मादीस ढकलीत ढकलीत घरट्याकडे नेते. इतकेंच काय, पारदर्शक पडद्याआडून आईचें वागणें नुसतें पाहूनही ती मादी पिलें उचलावयास शिकते. अपारदर्शक पडदा घातला कीं शिकत नाहीं. एवढें ऐकून सूनबाईंनीं पदर डोळ्यांस लावला.

परंतु गोड तेवढेंच सांगणें हें शिक्षकाचें काम नव्हे. आईचा वियोग निरुपद्रवी नसतो, हें आपल्या मुंबईंतच सिद्ध झालें आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सन २००० पासून विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा आहे. याही बाईंनीं पीएच.डी. नंतरची उमेदवारी परदेशांत केली आणि मग त्या मायदेशीं परतल्या. २०१५ सालीं त्यांस भटनागर पुरस्कार आणि २०२२ सालीं इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडील एका प्रयोगांत उंदरांचीं पिलें जन्माच्या दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून दूर ठेविलीं. एवढ्यानें तीं मोठेपणीं चिंताक्रांत झालीं. त्याच दिवसांत मेंदूंतील सेरोटोनिन या द्रव्याचे कांहीं ग्राहक औषधानें अडविले, तर ती पुढील चिंता दिसली नाहीं. हें काम २०११ सालीं प्रसिद्ध झालें. बाळपणाचे थोडके दिवस आयुष्यावर केवढी रेघ ओढतात, हें यावरून दिसतें. तेव्हां अनाथालयांतून येणारें मूल आपल्याबरोबर कांहीं दुःख घेऊन येईल, हें नव्या आईबापांनीं समजूनच त्यास घरांत घ्यावें. तें हट्टी झालें किंवा रात्रीं दचकून उठलें, तर ‘रक्ताचा दोष’ म्हणूं नये. तो वियोगाचाही परिणाम असूं शकेल.

मग यास उपाय नाहीं काय? मॅकगिलच्या मंडळींनींच २००२ सालीं दाखविलें कीं, आईपासून असेंच दूर ठेविलेल्या पिलांस दूध तुटल्यानंतर प्रशस्त पिंजरा, सोबती आणि खेळावयाच्या वस्तु दिल्या तर त्यांचा भित्रेपणा जातो. मेंदूंतील जुना बदल पुसला जात नाहीं. परंतु दुसऱ्या मार्गानें त्याची भरपाई होते. आम्हांस हें फार धीर देणारें वाटलें. चाळीस वर्षें मुलांस शिकवितांना आम्हीं हेंच पाहिलें आहे. घरीं मार खाऊन येणारें पोर एखाद्या प्रेमळ शिक्षकाच्या वर्गांत हळूहळू मान वर करूं लागतें. घरचें दुःख तें विसरत नाहीं, पण त्यासह चालावयास शिकतें.

मनुष्य म्हणजे उंदीर नव्हे, हें आमच्या विद्यार्थिनीनें दोनदां बजावलें. उंदरावरून मनुष्याविषयीं अनुमान करतांना फार सावधगिरी लागते, आणि कांहीं गुण रक्तांतून उतरतात हेंही खोटें नाहीं. परंतु रक्तच सर्वस्व, हा जो आमचा अभिमान, त्यास आधार उरत नाहीं. आणि खरें पाहतां, शास्त्राचा तरी तसा आग्रह कोठें होता? मनूनें पुत्रांचे बारा प्रकार सांगितले, त्यांत दत्तकास स्थान आहे. कृष्णाची आई म्हणून आपण देवकीइतकेंच, किंबहुना अधिक, यशोदेस ओळखतों. छांदोग्यांतील सत्यकामास आपल्या पित्याचें नांव ठाऊक नव्हतें. गुरूनें त्याचें सत्य बोलणें पाहून त्यास शिष्य केलें. हें सर्व आम्हीं मुलांस शिकविलें, आणि आप्तांनीं सल्ला विचारला तेव्हां नेमकें विसरलों. १९५६ च्या कायद्यानें मुलगीही दत्तक घेतां येते. त्या वेळीं हेंही आम्हीं त्यांस सांगितलें नाहीं.

शेजारच्या सासूबाई हें सर्व मुकाट्यानें ऐकून उठल्या. जातांना एवढेंच म्हणाल्या, “अर्ज करावयाचा तर लौकर करा. माझ्या हातांत आहे तोंवर बाळाला तेल लावीन.” अर्ज गेला आहे. वाट बरीच पाहावी लागते असें ऐकतों.

त्या रात्रीं आम्हीं आमच्या त्या वृद्ध आप्तांस पत्र लिहिलें. वीस वर्षांपूर्वींचा आमचा सल्ला अज्ञानाचा होता, त्याबद्दल क्षमा असावी, इतकेंच त्यांत होतें. अशा पत्रानें कोणाचा पाळणा हालत नाहीं, हें आम्हांस कळतें. हा मजकूर छापावयास देईपर्यंत त्यांचें उत्तर आलेलें नाहीं. परंतु आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं हाच प्रश्न आज उभा असेल, आणि कोणी वडीलधारे कुळाची गोष्ट काढून तो मिटवूं पाहत असतील, तर त्यांनीं उत्तर देण्यापूर्वीं एक रात्र थांबावें, एवढीच आमची विनंति आहे.