शाळेतली चिठ्ठी घरी वाचतं कोण?

मंडळी, आज आठवणी थोड्या आणि मत जास्त लिहिते आहे.

आपल्या बडोद्याची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा झाली ती १९०९ साली, बडोदे शहरात. सक्तीच्या शिक्षणाचं श्रेय आपण सयाजीराव महाराजांना नेहमी देतो. पण शाळेत आणलेल्या मुलाची प्रकृतीही बघायला हवी, याची सुरुवातही इथलीच. पुढे १९४६ साली भोर समितीने लिहिलं, की देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच.

मी नगरपालिकेच्या मराठी शाळेतली. तिसरीपर्यंत वर्गात 'ढ' म्हणून प्रसिद्ध. फळ्यावरचं धूसर दिसायचं, पण सगळ्यांना तसंच दिसतं असं मला वाटे. चौथीत डॉक्टर आले, तक्त्यासमोर उभं केलं, आणि मी दुसऱ्या ओळीतच अडकले. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. बाईंनी ती माझ्या दप्तरात टाकली नाही. संध्याकाळी स्वतः डांडिया बाजारातल्या आमच्या घरी आल्या आणि आजीला म्हणाल्या, "पोरगी ढ नाही हो, तिला दिसतच नाही. आधी चष्मा करा." मुलीच्या जातीला चष्मा म्हणून वडील कुरकुरले, पण आजीने ऐकून घेतलं नाही. आठवड्यात चष्मा आला.

आता अलीकडचं. आमच्याकडे कामाला येतात त्या ताई धुळ्याकडच्या. त्यांची मुलगी इथल्याच एका सरकारी शाळेत सहावीत. दोन जिने चढली की धाप लागायची. "खात नाही नीट," ताई म्हणायच्या. एकदा रेशनचे कागद वाचायला म्हणून त्यांनी डबा आणला, त्यात शाळेची चिठ्ठी सापडली. गुजरातीत लिहिलं होतं : छातीत जादा आवाज येतो, मोठ्या दवाखान्यात दाखवावे. सात महिन्यांपूर्वीची तारीख! ताईंना गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांना वाटलं, शाळेची काहीतरी नोटीस असेल.

हृदयाला छिद्र निघालं. उपचार सरकारी योजनेतून झाले, एक पैसा लागला नाही. मुलगी आता बरी आहे. पण ते सात महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आपल्यातले पुष्कळजण म्हणतात, सरकारी तपासणी म्हणजे नुसतं नाटक. मला नाही पटत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. सरकारी शाळेत वर्षातून एकदा पथक यावं, दोष सापडला तर पुढचे उपचार मोफत, अशी सोय आहे. या मुलीचा आजार त्या तपासणीतच सापडला ना? घोडं अडलं ते पुढे, शाळा आणि घर यांच्या मधे.

गोळ्यांचंही तेच. सहावीपासून मुलांना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. ती जेवणानंतर घ्यायची आणि तिने शौचाला काळं होतं, एवढं आईला कोणी सांगितलं नाही, तर ती घाबरून गोळी बंद करते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की किती मुलं तपासली हा आकडा पुरेसा नाही. किती चिठ्ठ्या दवाखान्यापर्यंत पोचल्या, तेही शाळेने नोंदवावं. ज्याला चिठ्ठी दिली त्याच्या आईबापांना बोलावून, त्यांना समजेल त्या भाषेत तोंडी सांगावं. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, कबूल. पण चिठ्ठ्या काही सगळ्या वर्गाला मिळत नाहीत, मोजक्या चार-पाच मुलांना मिळतात.

आणि आपण? आपली नातवंडं आता या शाळांत नाहीत. आपल्याकडे काम करणाऱ्यांची, भाजीवाल्यांची मुलं आहेत. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलो, दोन्ही लिप्या आपल्याला येतात. तेव्हा उद्या कामाला येणाऱ्या ताईंना एकदा विचारा : शाळेत डॉक्टर आले होते का? चिठ्ठी दिली असेल तर आणा, मी वाचून दाखवते.